बाराशेपैकी नऊ

“हे तू स्वतः मोजलंस, हेमांगी?” सरनोबत सरांनी चष्मा कपाळावर ढकलत विचारलं.

“दोनदा मोजलं, सर. एकदा कॅल्क्युलेटरवर आणि एकदा हातानं.”

“शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव!” सर खुर्चीतून अर्धे उठलेच. “अगं, इथे पॉइंट ऐंशी आलं तरी लोक पेढे वाटतात. तुझी प्रश्नावली आता पुस्तकात जाईल, पुस्तकात!”

मी हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं.

ही गोष्ट ब्याण्णव सालची. मी तेव्हा कोल्हापूरला मानसशास्त्रात पीएच.डी. करत होते आणि सरनोबत सर माझे मार्गदर्शक होते. माझा विषय होता बारीक नजरेचं बैठं काम करणाऱ्या बायकांचा थकवा. मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत इंजेक्शनं बनवणारी एक कंपनी होती. तिचं नाव इथे सांगत नाही. तिथे चाळीस बायका दिवसभर दिव्यासमोर बसून औषध भरलेल्या काचेच्या छोट्या बाटल्या तपासत. बाटली मानेला धरून गर्रकन फिरवायची, आधी काळ्या पाटीसमोर आणि मग पांढऱ्या पाटीसमोर धरायची. आत काचेचा कण, केस, काळा ठिपका असं काही तरंगताना दिसलं की बाटली बाद. नजर चुकली तर तो कण कुणाच्या तरी शिरेत जाणार.

या बायकांचा थकवा मोजायला मी तीस प्रश्न तयार केले होते. काम संपताना डोळ्यांपुढे ठिपके येतात का, घरी गेल्यावर कुणाचं बोलणं नकोसं होतं का, एकच बाटली पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते का, असे. उत्तर पाचांतलं एक द्यायचं: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, बऱ्याचदा किंवा नेहमी. तीन आठवड्यांनी तेच प्रश्न त्याच बायकांना पुन्हा विचारायचे आणि दोन वेळची उत्तरं किती जुळतात ते बघायचं. जितकी जुळतील तितकी प्रश्नावली भरवशाची. याला आम्ही विश्वसनीयता म्हणतो.

“सर, जरा जास्तच जुळतंय,” मी म्हणाले.

“जास्त जुळणं हा कधीपासून दोष झाला?”

“माणसं इतकी एकसारखी उत्तरं देत नाहीत, सर. सोमवारी थकलेली बाई गुरुवारी ताजीतवानी असते. थोडं तरी इकडचं तिकडे व्हायला हवं.”

“तुला ना, सरळ पडलेलं दानही उलटं करून बघायची खोड आहे.” सरांनी चहा मागवला. “प्रश्न कुणी विचारले म्हणालीस?”

“दमयंती कुंभोजे. मीच नेमलंय त्यांना.”

“मग त्यांचे आभार मान आणि पुढच्या कामाला लाग.”

माझी अडचण नेमकी तिथेच होती.

दमयंतीबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. सांगलीत एकट्या राहायच्या. दोन जनगणना त्यांनी पायाखाली घातल्या होत्या, त्यामुळे परक्या माणसाला बोलतं करण्यात त्यांचा हातखंडा होता. बोलणं मोजकं, अक्षर मोत्यासारखं, हातात कायम एक खाकी कापडी पिशवी. मला कॉलेजात तास घ्यावे लागत, रोज मिरजेला जाणं जमत नव्हतं, म्हणून मी हे काम त्यांच्यावर सोपवलं. निम्म्या बायकांना लिहिणं जड जायचं. तेव्हा बाईंनी प्रश्न वाचायचा आणि उत्तर ऐकून खूण करायची, असं ठरलं होतं. म्हणजे दोन्ही गठ्ठ्यांतल्या सगळ्या खुणा एकाच हाताच्या होत्या.

त्या दुपारी मी दोन्ही गठ्ठे लायब्ररीत नेले आणि एकेका बाईचे दोन्ही कागद शेजारी शेजारी मांडून ताडून पाहिले. चाळीस बायका, तीस प्रश्न. बाराशे उत्तरं. त्यांतली नऊ बदललेली होती. बाराशेपैकी फक्त नऊ.

आणखी एक गोष्ट नजरेला आली. पहिल्या गठ्ठ्यातल्या कागदांना हाताळल्याच्या खुणा होत्या. एकावर चहाचा डाग, दोन-तीन कोपऱ्यांत दुमडलेले. दुसरा गठ्ठा करकरीत कोरा, जणू घरी टेबलावर बसून निवांत भरलेला. पहिल्या गठ्ठ्यात बघून दुसऱ्यात खुणा करायला किती वेळ लागणार? दोन संध्याकाळी. मग मला आठवलं, दुसऱ्या फेरीचं सांगितलं तेव्हा बाईंनी माझ्याकडे रोखून बघत विचारलं होतं, “तेच प्रश्न? त्याच बायकांना? पुन्हा कशासाठी, मॅडम?” तेव्हा तो प्रश्न मला भाबडा वाटला होता. आता तो काट्यासारखा रुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरनं मी मिरज गाठली. बाईंना कळवलं नाही.

कंपनीच्या फाटकाशी वही असायची. येणाऱ्यानं नाव, वेळ, सही करायची. रखवालदाराला म्हटलं, माझ्या कामाच्या तारखा बघायच्या आहेत. त्यानं वही पुढे सारली. दुसऱ्या फेरीच्या चारही दिवशी दमयंतीबाईंची सही होती. येण्याची वेळ अकराच्या सुमारास, जाण्याची साडेचार-पावणेपाच. मोत्यासारखं अक्षर.

आल्या तर होत्या. पण आत येऊन काय केलं, ते वही सांगत नव्हती.

“ह्या बाई आत कुठं बसायच्या हो?”

“क्यांटीनच्या मागं खोली हाय न्हवं का, तिथं.”

“सगळ्या बायका यायच्या त्यांच्याकडे?”

रखवालदारानं माझ्याकडे तिरकं पाहिलं. “आता ते मला काय ठावं? का, कायतरी ग्येलंय काय?”

“नाही, सहज,” म्हणून मी आत गेले.

उपळेकर तिथले व्यवस्थापक. गुळगुळीत दाढी, टेबलावर एकही कागद नाही, बोलणं लोण्यासारखं. त्यांनी माझ्यासाठी खास बिस्किटं मागवली.

“रिपोर्ट कधी देताय, मॅडम? आम्ही डोळे लावून बसलोय.”

“अजून महिनाभर लागेल. तुम्हाला एवढी घाई कशाची?”

“घाई म्हणजे, या बायकांना दर तासाला दहा मिनिटं उठायची सवलत आहे ना, वरच्यांचं म्हणणं आहे की गरजच नसेल तर ती कशाला? तुमच्या कुंभोजेबाईंच्या कागदांवर मी सहज नजर टाकली. कुणाला काही त्रास दिसत नाही. विद्यापीठानंच तसं लिहून दिलं की आमचा प्रश्न मिटला.” मग ते पुढे झुकले. “तुम्ही स्वतः आला होतात, तेव्हा तर फारच सहकार्य झालं तुमचं.”

या दोन फेऱ्यांच्या आधीची छोटी चाचणी मी स्वतः घेतली होती, जुलैमध्ये, बारा बायकांवर. प्रश्न नीट कळतात की नाही हे बघायला. सहकार्य कसलं ते मला उमगलं नाही, पण कुणी कौतुक केलं की माणूस खोलात जात नाही. मी मान डोलावली आणि दोन-चार बायकांशी बोलायची परवानगी मागितली.

कॅन्टीनमागच्या खोलीत पहिली आली ती छबू मगदूम. पंचविशीची, डोक्यावर पांढरी टोपी, टोपीखालून कपाळावर लाल वळ. खुर्चीच्या अगदी कडेला बसली.

“छबूताई, कुंभोजेबाई तुमच्याकडे किती वेळा आल्या होत्या?”

“दोन बारी.”

“दोन्ही वेळा सगळे प्रश्न विचारले?”

“व्हय की. तिसच्या तीस.”

तिनं तीस म्हटलेलं मला आवडलं नाही. मोजून कोण ठेवतं? मी कोरा कागद काढला आणि पहिल्यापासून विचारायला सुरुवात केली. ती भराभर बोलत गेली. माझा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर तयार. कधीच नाही, कधीच नाही, क्वचित. मांडीवरच्या वहीत मी जुने दोन्ही कागद लपवले होते. तिसाव्या प्रश्नाला येईतो एकही उत्तर हुकलं नव्हतं.

मग दुसरी बाई, मग तिसरी. तेच. प्रत्येकीची उत्तरं वेगळी, पण आपापल्या जुन्या कागदाशी तंतोतंत जुळणारी.

म्हणजे दमयंतीबाईंनी घरी बसून काही भरलं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं, पण तसं झालं नाही. समोर जिवंत बायका बसल्या होत्या आणि तरी काहीतरी साफ खोटं होतं.

मी छबूला पुन्हा बोलावून घेतलं. या वेळी कागद टेबलावर पालथा घातला आणि मधलाच एक प्रश्न विचारला.

“एकच बाटली पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते का?”

तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला. ओठ हलत होते.

“छबूताई?”

“थांबा की जरा.” तिनं पुन्हा पहिल्या पेरापासून सुरुवात केली. मग माझ्याकडे बघून अगदी निरागसपणे म्हणाली, “ह्यो कितवा म्हनायचा?”

आपण काय बोलून गेलो ते तिलाही कळलं असावं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“कुणी पाठ करून घेतलं हे तुमच्याकडून?”

“कुनी न्हाई.”

“कुंभोजेबाईंनी?”

“न्हाई ओ, मॅडम. त्यांचं नाव घिऊ नका.” ती उठून उभी राहिली. “मी जाऊ का? दिवा रिकामा दिसला तर सायेब येत्यात.”

आता मला शंकाच उरली नाही. पाठ करून घेणं हा शाळामास्तरणीचा धंदा. उत्तरं जुळली की काम चोख दिसेल आणि विद्यापीठात आणखी कामं मिळतील, असा हिशेब बाईंनी केला असणार. किंवा याहून वाईट, उपळेकरांनी त्यांना हाताशी धरलं असणार. कागदांवर ‘सहज’ नजर टाकली म्हणे! टाकू कुणी दिली?

मी तशीच एस.टी. पकडून सांगलीला गेले. पाच वाजत आले होते. दमयंतीबाई गावभागातल्या दोन खोल्यांत राहायच्या. दार उघडंच होतं. त्या जमिनीवर बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून त्यांनी सूप बाजूला केलं.

“या मॅडम. पाणी देते.”

“पाणी नको. मी मिरजेहून येतेय.”

“हो का?” त्या पुन्हा बसल्या. घाबरल्याचं चिन्ह नव्हतं, आश्चर्याचंही नव्हतं.

“बायकांनी उत्तरं पाठ केलीत, दमयंतीबाई. नंबरवार. तुम्हाला हे माहीत होतं?”

“माहीत होतं.”

“केव्हापासून?”

“पहिल्या फेरीच्या दुसऱ्या दिवसापासून. चाळीस वर्षं पाढे घेतलेत मी. पाठ केलेलं कसं ऐकू येतं ते मला कळतं.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!”

“सांगितलं होतं. पहिला गठ्ठा द्यायला आले तेव्हा म्हटलं होतं, बायका फार पटापट उत्तरं देतात, तुम्ही एकदा स्वतः येऊन बघा. तुम्ही म्हणालात, प्रश्न सोपे झालेत म्हणून.”

मी तसं म्हणाले होते. शब्दन् शब्द आठवला, आणि त्यानं माझा राग आणखीच चढला.

“तुम्ही कागद उपळेकरांना दाखवलेत.”

“मी दाखवले नाहीत. पाणी प्यायला उठले तेवढ्यात त्यांनी उचलून बघितले. त्यानंतर मी उठलेच नाही. दुसऱ्या फेरीला कागद मांडीखाली धरून बसले, पुठ्ठ्यात घालून. बघा, एक सुरकुती पडली नाही त्यांना.”

“बायकांना कुणी शिकवलं हे?”

दमयंतीबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेत खोटं बोलणाऱ्या मुलीकडे बघावं तसं, पण त्यात थोडी खात्री करून घेण्याचाही भाव होता.

“तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“तुम्हीच शिकवलंत, मॅडम. जुलैमध्ये बारा जणी तुमच्यापुढे बसल्या होत्या. त्यातली अकरा नंबरची कुठंय सांगा बघू.”

मला काहीच आठवेना. बारा चेहऱ्यांपैकी एकही नीट डोळ्यांपुढे येत नव्हता.

“अनसूया कोष्टी,” बाई म्हणाल्या. “सात वर्षं दिव्यासमोर बसलेली. तुम्ही म्हणालात, नाव कुठे येणार नाही, मनात येईल ते खरं सांगा. तिनं सांगितलं. चार वाजले की डोळ्यांपुढे ठिपके नाचतात, कण बाटलीत आहे की डोळ्यात ते कळत नाही, म्हणून एकच बाटली तीन-तीनदा बघते. पंधरा दिवसांत तिला दिव्यावरून उठवून बाटल्या धुवायला टाकलं. गणपतीच्या आधी सांगितलं, उद्यापासून येऊ नको.”

“पण मी तिचं नाव कुणालाच...”



जुलैतली ती दुपार आठवली. मी निघाले तेव्हा उपळेकर स्वतः जिन्यापर्यंत पोहोचवायला आले होते. “काही विशेष आढळलं का, मॅडम?” त्यांनी विचारलं होतं. मी म्हणाले, “विशेष काही नाही. पण तुमच्या अकरा नंबरला डोळ्यांचा बराच त्रास दिसतोय. एकदा डॉक्टरांना दाखवा तिला.” चांगल्या मनानं म्हणाले होते. नाव थोडंच सांगितलं होतं? नुसता नंबर. आणि ते नंबर मी आणले होते कुठून? बायकांच्या खुर्च्यांच्या पाठीवर रंगवलेले होते, तेच सोयीसाठी कागदावर उतरवून घेतले होते.

मी भिंतीला टेकून खाली बसले. बाई पाणी घेऊन आल्या. या वेळी मी घेतलं.

“त्या बारा जणींनी आठवून आठवून तुमचे तीस प्रश्न जुळवले,” त्या सांगू लागल्या. “जेवणाच्या सुट्टीत बाकीच्यांना शिकवले. सगळ्यांनी एकच उत्तर दिलं तर संशय येईल, म्हणून प्रत्येकीला वेगवेगळं वाटून दिलं. कुणी तीन ठिकाणी क्वचित म्हणायचं, कुणी पाच ठिकाणी. मग रोज एकमेकींचं म्हणून घ्यायच्या.”

“तुम्हाला कुणी सांगितलं हे?”

“छबूनं. रडत रडत. कुणाला सांगू नका म्हणून हात धरला माझा.” बाईंनी सूप पुन्हा पुढे ओढलं. “खरं सांगू? मला वाटलं, तुम्ही कंपनीच्याच आहात. नाहीतर तेच प्रश्न पुन्हा कशाला? मला वाटलं, पहिल्यांदा जी सुटली तिला दुसऱ्यांदा पकडायचं असेल. तीन आठवडे मी तुमच्यावर नजर ठेवून होते.”

“मी तुमच्यावर ठेवून होते,” मी म्हणाले.

“ते आज कळलं.”

“मग काम सोडलं का नाहीत?”

“सोडलं असतं तर तुम्ही दुसरं कुणी पाठवलं असतं. त्यानं काय केलं असतं कुणाला माहीत? बायकांनी जे सांगितलं ते मी लिहिलं. एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.”

परतीच्या गाडीत मला उपळेकरांची ती दहा मिनिटं आठवली. बायका आपापली खुर्ची वाचवायला ‘त्रास नाही’ म्हणत होत्या, आणि त्याच उत्तरांवर त्यांची दर तासाची विश्रांती जाणार होती. मध्ये मी उभी होते, अठ्ठ्याण्णव घेऊन.

सरांना सगळं सांगायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सरांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग टेबलावरचा पेपरवेट उगाच फिरवत राहिले.

“म्हणजे आकडा खोटा आहे?”

“आकडा खरा आहे, सर. उत्तरं जुळतात, उद्या पुन्हा विचारली तरी जुळतील. विश्वसनीयता आहे. सप्रमाणता नाही. आपल्याला जे मोजायचं होतं ते आपण मोजलंच नाही.”

“मग काय मोजलं?”

“भीती.”

सर चिडले. ते चिडले की आवाज उलट खाली जायचा. “दोन वर्षांचं काम आहे हे. शेवटी मर्यादा म्हणून एक परिच्छेद घाल. सामाजिक दबावामुळे काही उत्तरांवर परिणाम झाला असण्याची शक्यता, वगैरे. सगळेच घालतात.”

“आकडे वाचून उपळेकर दहा मिनिटं काढून घेतील. शेवटचा परिच्छेद ते वाचणार नाहीत.”

“आणि बायकांनी खोटी उत्तरं दिली असं लिहिलंस तर त्यांच्या नोकऱ्या जातील. तो विचार केलायस?”

“केलाय. बायकांचं नाव यायला नको. माझ्या चुकीमुळे माहिती निरुपयोगी झाली असं लिहा. गोपनीयता मी मोडली, हे खरंच आहे.”

“हे विद्यापीठाच्या कागदावर आलं तर तुला जन्मभर चिकटेल, कळतंय का?”

“कळतंय, सर.”

त्यांनी मला जायला सांगितलं. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कॉरिडॉरमध्ये समोर आले तर खिडकीबाहेर बघत निघून जायचे. तिसऱ्या दिवशी शिपायानं एक पाकीट आणून दिलं. आत कंपनीला लिहिलेल्या पत्राची प्रत होती, चारच ओळींची. संशोधकाकडून कार्यपद्धतीत गंभीर चूक झाल्यानं ही माहिती कोणत्याही निष्कर्षासाठी वापरता येणार नाही. खाली माझं नाव नव्हतं. ‘मार्गदर्शक या नात्यानं जबाबदारी माझी’ असं लिहून सरांनी स्वतः सही केली होती. त्याविषयी ते पुढे कधी बोलले नाहीत, आणि माझीही विचारायची छाती झाली नाही.

विषय बदलावा लागला. माझी पीएच.डी. आणखी साडेतीन वर्षांनी झाली, शाळकरी मुलांच्या स्मरणशक्तीवर. बायकांची दहा मिनिटं त्या वर्षी तरी टिकली, असं दमयंतीबाईंकडून कळलं. त्यांनी माझ्याबरोबर पुन्हा काम केलं नाही. मीही विचारलं नाही. पण त्या दिवाळीनंतर एक पोस्टकार्ड आलं, त्यावर नुसता पत्ता होता: अनसूया कोष्टी, मालगाव वेस, मिरज.

मी जाताना जुलैमधला तिचा कागद बरोबर घेतला. तो तिला परत करायचा, एवढंच ठरवलं होतं.

दारात पस्तिशीची बाई उभी राहिली. मला ओळखल्यावर तिनं दाराची दुसरी फळी पुढे ओढली.

“कुनी पाठवलं तुमाला? कंपनीनं?”

“कुणी नाही. मी माझी आलेय.”

“मग हितं काय काम?”

“तुमची माफी मागायची आहे.”

तिला ते पटलं नाही. तिनं शेजारच्या दाराकडे बघून हाक मारली, “मंगलवहिनी, या जरा हिकडं.” शेजारीण पदराला हात पुसत आली. “ह्यांच्या म्होरं बोला आता, काय बोलायचं ते.”

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून सगळं सांगितलं. जिन्यात काय बोलले, तेही. शेजारीण मध्येच “अगं बाई” म्हणाली. मी कागद अनसूयापुढे केला. तिनं घेतला, उजेडाकडे धरला, लांब करून पाहिला, आणि परत माझ्या हातात दिला.

“वाचा,” ती म्हणाली. “मी काय म्हनलं हुतं त्ये वाचा.”

मी वाचू लागले. प्रश्न आणि तिचं उत्तर. ती चौकटीला टेकून ऐकत होती. चार-पाच उत्तरांना तिनं नुसती मान हलवली. सहाव्याला हात वर केला.

“त्ये आता तसं न्हाई ऱ्हायलं. तवा कधीकधी व्हायचं.”

मी पर्समधून पेन काढलं, टोपण उघडलं. सवयीनंच.

“लिवू नका.” तिनं दाराची ओढलेली फळी मागे सारली. “ऐका नुसतं.”

मी पेन बंद केलं. शेजारणीनं सरकून जागा केली, आणि मी उंबऱ्याशी बसले. अनसूया पहिल्या प्रश्नापासून सांगू लागली.